हॅरियर ईव्ही घ्यावी की एक्सईव्ही नाइन-ई?



विजेवरच्या गाड्यांविषयीची विचारणा आता मंडळात नेहमीची झाली आहे. पूर्वी प्रश्न असायचा, अशी गाडी घ्यावी की नको. आता बरीच घरं त्याच्या पुढे गेली आहेत आणि प्रश्न नेमका झाला आहे: टाटांची हॅरियर ईव्ही की महिंद्रांची एक्सईव्ही नाइन-ई? दोन्ही गाड्या तशा आपल्याच बाजूच्या. पहिली पुण्याजवळ पिंपरीला बनते, दुसरी चाकणला. नाइन-ई नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाली, हॅरियर ईव्ही ३ जून २०२५ रोजी. दोन्हींच्या किमती साधारण साडेएकवीस लाखांपासून सुरू होतात आणि नाइन-ई तर साडेतीस लाखांपर्यंत जाते.

ही रक्कम लहान नाही. कॅम्पातल्या किंवा टिळकवाडीतल्या निवृत्त माणसाच्या हिशेबात ती ग्रॅच्युइटीची असते, नाहीतर मुलाच्या पगारातून सात वर्षं जाणाऱ्या हप्त्याची. यूट्यूबवर या दोन गाड्यांच्या तुलना पुष्कळ आहेत, पण त्या मुंबई-दिल्लीत बसून केलेल्या. त्यात हेस्कॉमचं बिल नसतं, चोर्ल्याचा घाट नसतो आणि कर्नाटकाचा २५ लाखांवरचा करही नसतो. आपला निर्णय मात्र नेमका याच गोष्टींवर ठरतो. म्हणून आम्ही गाडीपेक्षा आपल्या भागाकडेच जास्त बघून हे लिहीत आहोत. किमती दिल्या आहेत त्या गाड्या जाहीर झाल्या त्या वेळच्या, शोरूमच्या. आजचा आकडा डीलरकडून घ्यावा.

कागदावर बघाल तर दोघी जवळजवळ बरोबरीच्या आहेत. भारत एनसीएपीच्या अपघात चाचणीत दोघींना पाच तारे आहेत, आणि गुणही अगदी सारखे: मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी ३२ पैकी ३२, मुलांच्या सुरक्षिततेसाठी ४९ पैकी ४५. दोघींची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची आहे. ही बॅटरी उष्णता बऱ्यापैकी सोसते आणि शंभर टक्के चार्ज केली तरी फारशी कुरकुर करत नाही. पावसाच्या पाण्याची भीती अनेकांना वाटते. दोन्ही बॅटऱ्यांना आयपी ६७ दर्जा आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवून त्या तपासलेल्या असतात. तेव्हा सुरक्षिततेवरून एक निवडून दुसरी सोडावी असं काही नाही. फरक आहे तो इतर ठिकाणी.

बॅटरी किती मोठी हवी

पहिल्यांदा एक सोपी गोष्ट. बॅटरीचा आकार किलोवॉट-तासात सांगतात; एक किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरचं एक युनिट. हॅरियर ईव्ही ६५ आणि ७५ युनिटच्या बॅटरीत मिळते, नाइन-ई ५९ आणि ७९ युनिटच्या. कंपन्या मोठ्या बॅटरीसाठी अनुक्रमे ६२७ आणि ६५६ किलोमीटर सांगतात. हे आकडे प्रयोगशाळेतल्या चाचणीचे आहेत. त्यांच्यावर विसंबून पुण्याला निघू नये. चार माणसं, एसी चालू, हमरस्त्यावर ताशी ९० ते १०० चा वेग, असं धरलं तर एवढ्या मोठ्या गाडीला १०० किलोमीटरला १७-१८ युनिट लागतात असं समजून हिशेब करावा.

आता आपले रस्ते घेऊ. कोल्हापूर जाऊन-येऊन सुमारे २२० किलोमीटर, म्हणजे ४० युनिट. अंबाबाईचं दर्शन घेऊन, महाद्वार रोडवर खरेदी करून रात्री घरी, कुठल्याही बॅटरीत हे बसतं. वाटेतल्या वंटमुरी आणि तवंदी घाटांची काळजी नको. ते लहान आहेत.

गोव्याचं लोकांना जास्त भय वाटतं, पण ते विनाकारण. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्यातून खाली उतरताना मोटर जनित्रासारखं काम करते आणि बॅटरीत वीज परत भरते. परतीच्या वाटेवर चढ लागतो. माणसं-सामानासह अडीच टनांची गाडी ७५० मीटर वर नेण्याला पाच युनिट लागतात, मोटरमधली तूट धरून सहा. उतरताना त्यातली निम्मी तरी मिळालेली असतात. म्हणजे घाटाचा निव्वळ दंड तीन युनिटांच्या आसपास, रुपयांत वीस-बावीस! पणजीला जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर धरले तरी ४६-४७ युनिटांत काम भागतं. लहान बॅटरीतही हे जमतं, फक्त नाइन-ईच्या ५९ मध्ये परत येताना काटा खाली आलेला दिसेल. तिकडे पाहुण्यांच्या घरी रात्रभर साध्या प्लगवर लावली की प्रश्न मिटला. आंबोलीमार्गे सावंतवाडीचंही असंच.

खरी परीक्षा पुण्याची आहे. अंतर सुमारे ३४० किलोमीटर, वेग जास्त, शेवटी खंबाटकी आणि कात्रजच्या बाजूचा चढ-उतार. हिशेबाने ६१ युनिट लागतात. ५९ मध्ये हे बसत नाही. ६५ मध्ये बसलं तरी शेवटचे ३० किलोमीटर काळजात धडधड घेऊन जायचे. ७५ किंवा ७९ मध्ये मात्र थेट पोचता येतं आणि १५-२० टक्के शिल्लक राहते. बेळगाव-बेंगळुरू साधारण ५०० किलोमीटर, तिथे मोठ्या बॅटरीलाही एकदा थांबावंच लागतं.

शिल्लक का लागते ते आपल्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हमरस्त्यावर आलं, इकडे निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेनेही रस्ता अडवला. अशा वेळी गाडी वळवून दुसऱ्या वाटेने यायचं तर पन्नास-साठ किलोमीटर सहज वाढतात. डिझेल गाडीला पंपाचा आधार असतो. इथे पावसाळ्यात ३० टक्क्यांच्या खाली जायचंच नाही, असा घरात नियम करावा.

वाटेत चार्ज करण्याच्या वेगाबद्दल नाइन-ईची बाजू कागदावर वरचढ आहे. ती १७० किलोवॉटहून जास्त वेगाने वीज घेऊ शकते, २० ते ८० टक्के सुमारे २० मिनिटांत. हॅरियर १२० किलोवॉटपर्यंत घेते, त्याच कामाला २५ मिनिटं. पण हे केव्हा, तर चार्जर तेवढा ताकदीचा असेल तेव्हा. हमरस्त्यावर बऱ्याच ठिकाणी ६० किलोवॉटचे चार्जर दिसतात. त्यावर ४५-४७ युनिट भरायला पाऊण तासाहून जास्त लागणार, गाडी कुठलीही असो. कराडला मिसळ खाऊन होईपर्यंत दोघींचं सारखंच भरेल. यासाठी तीन-चार लाख जास्त मोजू नयेत.

म्हणून आधी डायरी काढून मोजा, गेल्या वर्षी पुण्याला कितीदा गेलात. चार वेळांहून कमी असेल तर लहान बॅटरीने भागतं, कराड किंवा साताऱ्याला अर्धा तास जास्त थांबायचं एवढंच. दर महिन्याला नातवंडांकडे जाणं असेल तर मोठीच घ्या.

हेस्कॉम, २०० युनिट आणि जुनी वायरिंग

हा भाग शोरूममध्ये कोणी सांगत नाही. कंपनी ७.२ किलोवॉटचा घरगुती चार्जर देते, त्याचे पैसे गाडीच्या किमतीत नसतात, सुमारे अर्धा लाख वेगळे. आपल्या बहुतेक घरांचा मंजूर भार तीन ते पाच किलोवॉटचा असतो. चार्जर लावायचा तर तो वाढवून घ्यावा लागतो, आणि भार वाढला की दर महिन्याचा स्थिर आकारही वाढतो, गाडी चार्ज करा अगर करू नका.

त्याहून मोठी गोष्ट गृहज्योती योजनेची. २०२३ पासून आपल्या राज्यात महिन्याला २०० युनिटपर्यंत घरगुती वीज मोफत आहे आणि कॅम्पातल्या पुष्कळ घरांना तिचा लाभ मिळतो. गाडी महिन्याला १००० किलोमीटर फिरली तर एकट्या गाडीला १७०-१८० युनिट लागतील. घराचे शंभर त्यात मिळवले की मर्यादा ओलांडली, आणि मग वरच्या युनिटांचं नव्हे, सगळ्याच युनिटांचं बिल येतं. बिल अचानक शून्यावरून दोन-अडीच हजारांवर गेलं तर घरात कोणाला बोल लागायचा हे सांगायला नको. यावर उपाय म्हणजे गाडीसाठी वेगळा मीटर. गाडी बुक करण्याच्या आधी हेस्कॉमच्या कार्यालयात जाऊन वेगळ्या जोडणीबद्दल आणि तिच्या दराबद्दल विचारून यावं. लष्करी क्वार्टर्समध्ये राहणाऱ्यांनी एमईएसकडे विचारावं, त्यांचा पुरवठा वेगळा.

आमचं मत विचाराल तर मोठ्या चार्जरची घाईच करू नये. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर तासाला तीन युनिट जातात. रात्री नऊ ते सकाळी सात, दहा तासांत ३० युनिट, म्हणजे दीडशे किलोमीटरहून जास्त. गावातल्या गावात रोज एवढं कोण फिरतं? फक्त त्या सॉकेटला स्वतंत्र जाड वायर आणि नीट अर्थिंग हवं. कॅम्पातल्या कौलारू बंगल्यांतली वायरिंग कधीची आहे हे आपल्याला ठाऊक आहे. त्यावर सलग दहा तास तीन किलोवॉटचा भार टाकू नये. चांगल्या इलेक्ट्रिशियनला बोलावून मीटरपासून थेट नवी लाइन ओढून घ्यावी. शेड उभारायचं असेल तर कॅन्टोन्मेंट बोर्डाची परवानगी आधी, आणि घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी संमती. ज्यांच्याकडे गाडी लावायला स्वतःची जागाच नाही, रात्री रस्त्यावर लावतात, त्यांनी या दोन्हींपैकी कुठलीच सध्या घेऊ नये असं आम्हाला स्पष्ट वाटतं.

खर्चाचाही एक आकडा देऊन ठेवतो. युनिटला सगळं धरून सात रुपये मानले तर १००० किलोमीटरला साडेबाराशे रुपये. एवढीच मोठी डिझेल गाडी लिटरला १४ किलोमीटर देत असेल आणि डिझेल ९० च्या आसपास असेल तर साडेसहा हजार. महिन्याला पाच हजारांची बचत होते, पण ती हजार किलोमीटर फिरणाऱ्याची. आठवड्यातून एकदा मिलिटरी महादेवाला आणि एकदा खडेबाजारात जाणाऱ्या घराची बचत हजाराच्या वर जाणार नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या डिझेल गाड्यांवरचा एकूण कर ५० टक्क्यांच्या घरातून ४० वर आला आहे, विजेच्या गाड्यांवर तो ५ टक्केच राहिला. दोन्हींमधलं अंतर त्यामुळे थोडं कमी झालं आहे.

२५ लाखांची रेषा आणि मामाचा पत्ता

कर्नाटकाने विजेच्या गाड्यांना पूर्वी रस्ता कर माफ केला होता. २०२४ मध्ये कायदा बदलला आणि २५ लाखांवरच्या विजेच्या गाडीवर १० टक्के आजीवन कर बसला. यात पुन्हा बदल होऊ शकतात, म्हणून बुकिंगच्या दिवशी आरटीओत चालू दर विचारून घ्यावा. पण या एका रेषेने दोन गाड्यांची तुलना पालटते.

हॅरियर ईव्हीचं ७५ युनिटचं फिअरलेस प्लस मॉडेल २४ लाख ९९ हजारांना जाहीर झालं. रेषेच्या एक हजार अलीकडे! हा योगायोग नसावा. नाइन-ईची ७९ युनिटची बॅटरी २५ लाखांच्या आत मिळत नाही. तिचं पॅक थ्री सिलेक्ट २७ लाख ९० हजारांचं होतं, पण ते ५९ युनिटचं. सर्वांत वरचं ७९ चं मॉडेल ३० लाख ५० हजारांचं, त्यावर कराचे तीन लाख पाच हजार. चारही चाकांना ताकद देणारी हॅरियर २८ लाख ९९ हजारांची, तिलाही दोन लाख नव्वद हजार कर. म्हणजे पुण्याला न थांबता पोचणारी बॅटरी हवी आणि कर नको, अशा घरासाठी या दोन गाड्यांमध्ये एकच पर्याय उरतो. रंगाचे जादा पैसे किंवा जोडसामान बिलात आलं की किंमत रेषेपलीकडे जाते का, हे डीलरकडून लेखी घ्यावं. तोंडी "होऊन जाईल साहेब" यावर भरवसा ठेवू नये.

आता हळूच विचारला जाणारा प्रश्न. महाराष्ट्रात विजेच्या गाड्यांना करमाफी आहे, मग कोल्हापूरच्या मामाच्या पत्त्यावर घेऊन एमएच ०९ नंबर लावला तर? सीमाभागात अशा गाड्या आपण नेहमी बघतो. पण कायदा साफ आहे. दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ इथे ठेवली की इथे नोंदवून इथला कर भरावा लागतो. आधी कर वाचवायचा, मग तपासणीत सापडल्यावर दंडासकट भरायचा, आणि विम्याच्या दाव्याच्या वेळी पत्त्यावरून वाद ओढवून घ्यायचा. शिवाय सीमाप्रश्न तापला की हमरस्त्यावर पहिली नजर नंबर प्लेटकडे जाते, हे आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. ज्याचं घर खरोखर कोल्हापुरात किंवा कागलला आहे त्याने तिथे घ्यावी. आपल्याला केए २२ च बरा, निपाणी-चिकोडीकरांना केए २३. लष्करात किंवा केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या घरांना बीएच मालिकेचा मार्ग आहे, त्यात कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो. बदलीची शक्यता असेल तर तो नक्की बघावा.

नोंदणी कोणाच्या नावावर करायची, याचाही आधी विचार करावा. दोन्ही कंपन्या पहिल्या खासगी मालकाला बॅटरीची आजीवन हमी देतात. दुसऱ्या मालकासाठी अटी निराळ्या. आपल्याकडे पद्धत अशी की गाडी वडिलांच्या नावावर घ्यायची आणि काही वर्षांनी मुलाच्या नावावर करायची. तसं झालं की मुलगा दुसरा मालक ठरतो का, हे विचारून लेखी उत्तर घ्यावं, किंवा पुढची दहा-बारा वर्षं जो चालवणार त्याच्याच नावावर पहिल्या दिवशी घ्यावी. या गाडीत बॅटरी हाच सर्वांत महाग भाग आहे.

मागे कोण बसणार

नाइन-ईचं छत मागे उतरत गेलेलं आहे. बाहेरून ती देखणी दिसते यात शंका नाही, समोर तीन मोठे पडदे, आत शिरल्यावर तरुण मुलं खूश होतात. पण मागच्या सीटवर मांड्यांना आधार कमी वाटतो, गुडघे वर येतात. हॅरियर जास्त ताठ आणि उंच, जुन्या पद्धतीची. मागे बसणाऱ्याला बाहेरचं दिसतं. गुडघे दुखणाऱ्या आजींना घेऊन पुण्याला जायचं असेल तर आमचं मत हॅरियरकडे झुकतं.

सामानाच्या बाबतीत उलट. नाइन-ईची डिकी ६६३ लिटरची, पुढे बॉनेटखाली आणखी १५० लिटर. हॅरियरची डिकी ५०२ लिटर, पुढची जागा बरीच लहान. गणपतीला कोकणात जाताना आणि येताना तांदळाचं पोतं, नारळ, फणस घेऊन येणाऱ्यांना हा फरक जाणवेल. लांबीला नाइन-ई ४७८९ मिलिमीटर, हॅरियर ४६०७. म्हणजे १८ सेंटिमीटरने मोठी. कॅम्पातल्या रुंद रस्त्यांवर काही अडत नाही. शहापूरच्या किंवा गणपत गल्लीच्या बाजूला घर असेल तर आधी आपलं फाटक मोजावं. आरशांसकट हॅरियर २१३२ मिलिमीटर रुंद आहे, तेव्हा तिलाही सवलत नाही.

चारही चाकांच्या हॅरियरबद्दल थोडं. खानापूर तालुक्यात शेती असलेल्या, कणकुंबीच्या पावसात लाल चिखलातून जाणाऱ्या घराला ती खरोखर उपयोगाची आहे, आणि नाइन-ईमध्ये तसा पर्यायच नाही; तिची ताकद फक्त मागच्या चाकांना. बाकीच्यांनी शून्यापासून शंभराचा वेग साडेसहा सेकंदांच्या आत येतो म्हणून ती घेऊ नये. हिंडलगा रोडवर त्याचा काय उपयोग? घरात सात माणसं असतील तर या दोन्ही बाजूला ठेवून महिंद्रांचीच नाइन-एस बघावी, ती नोव्हेंबर २०२५ मध्ये सात आसनांसह आली आहे.

एक गोष्ट मनात राहते म्हणून लिहितो. उद्यमबागेतल्या फाउंड्रींवर आपली कितीतरी घरं उभी राहिली, आणि त्यांचं बरंचसं काम डिझेल-पेट्रोल इंजिनांच्या ओतीव भागांचं. या दोन्ही गाड्यांत इंजिनच नाही. ब्रेकचे, सस्पेन्शनचे भाग लागतात, मोटरचं आवरण लागतं, पण ते बहुधा ॲल्युमिनियमचं. ज्यांच्या घरात हा धंदा आहे त्यांनी गाडी कुठलीही घ्यावी, पण शोरूममध्ये गेल्यावर बॉनेट उघडून आत काय आहे आणि काय नाही ते जरूर बघावं.

टेस्ट ड्राइव्ह घेताना शोरूमच्या भोवती एक चक्कर मारून समाधान मानू नका. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला मागे बसवा, जांबोटीच्या रस्त्याला वीस-पंचवीस किलोमीटर जा, एसी चालू ठेवा, निघताना आणि परतल्यावर बॅटरीचे टक्के लिहून घ्या. त्या आकड्यांवरून १०० किलोमीटरला किती युनिट लागतात ते काढा. मग गाडी घरी आणा, फाटकातून आत घ्या, जिथे रोज लावणार तिथे लावा आणि चार्जिंगचं तोंड सॉकेटपासून किती लांब येतं ते टेपने मोजा. हॅरियरचं आणि नाइन-ईचं वेगवेगळं मोजा. इलेक्ट्रिशियनला हाच आकडा लागणार आहे.